फेलोशिपवर क्रेडिट कार्ड मिळेल का?

प्रश्न: मॅडम, नमस्कार. मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे, दुसरं वर्ष सुरू आहे. जेआरएफचे, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपचे, महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. वसतिगृहात राहते, त्यामुळे भाड्याचा खर्च नाही. रिवॉर्ड पॉइंट देणाऱ्या क्रेडिट कार्डासाठी मी एका बँकेत ऑनलाइन अर्ज केला. ‘अंतर्गत धोरणानुसार अर्ज मंजूर करता येत नाही’ एवढाच मेसेज आला. पंधरा दिवसांनी दुसऱ्या बँकेत केला, तिथेही तेच. नंतर आवारात कार्डांचा स्टॉल लागला होता. तिथला मुलगा म्हणाला, व्यवसायात ‘नोकरी’ लिहा आणि वार्षिक उत्पन्न सहा लाख टाका, लगेच होऊन जाईल. मी अजून काही भरलेलं नाही. माझी मैत्रीण नोकरीला लागली, ती पॉइंटवर विमानाने घरी जाऊन आली. मलाही तसं वर्षातून एकदा जमेल का? एक अडचण सांगते: फेलोशिप ठरावीक तारखेला येत नाही. मागच्या वर्षी चार महिने आलीच नाही, मग एकदम जमा झाली. – एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर: तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते. आधी त्या स्टॉलचं. ते लिहू नकोस, आणि अजून लिहिलं नाहीस याचा मला फार आनंद झाला. तुझं वर्षाचं उत्पन्न ३७,००० गुणिले १२, म्हणजे ४,४४,००० रुपये. सहा लाख लिहिलेस तर ती खोटी माहिती तुझ्या सहीने बँकेत जमा होते. स्टॉलवरच्या मुलाला त्याचं कमिशन मिळून जाईल. उद्या बँकेने कागद मागितले किंवा कार्ड बंद केलं, तर उत्तर तुला द्यावं लागेल. व्यवसायाच्या रकान्यात ‘विद्यार्थी’ किंवा ‘इतर’ लिहायचं आणि उत्पन्न खरं तेवढंच.

आता अर्ज का नाकारले गेले असतील ते सांगते. मी एकतीस वर्षं बँकेत होते, त्यातली शेवटची नऊ विद्यापीठाच्या आवाराला लागून असलेल्या शाखेत. तिथे एकदा तुझ्यासारखाच एक संशोधक विद्यार्थी फेलोशिपचं पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आला होता. अर्जात सॅलरी स्लिपचा रकाना होता, तो त्याने रिकामा ठेवला होता. मी फॉर्म परत केला. त्याचं खातं आमच्याच शाखेत होतं, दोन वर्षांची जमा माझ्यासमोरच्या स्क्रीनवर दिसत होती, पण मी ती उघडून पाहिली नाही. तो काही न बोलता गेला. ते मला अजून लागून राहिलं आहे. या सदरात विद्यार्थ्यांची पत्रं मी आधी वाचायला घेते, त्याचं कारण तेच.

बँकेची छाननी पगारदार माणूस डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असते: सॅलरी स्लिप, फॉर्म १६, पीएफची वजावट, नोकरी किती वर्षांची. फेलोशिपला यातलं काहीच नसतं. शिक्षणासाठी मिळणारी शिष्यवृत्ती आयकरातून वगळलेली असल्याने बऱ्याच जणांच्या विवरणपत्रात करपात्र उत्पन्न शून्य दिसतं किंवा विवरणपत्रच नसतं. त्यात तू आजवर कर्ज घेतलेलं नसशील, तर कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थांकडे तुझी परतफेडीची नोंदच नाही. त्या नोंदींवरून ठरणारा क्रेडिट स्कोअर ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो, तुझा त्यात कुठेच नसणार. बँक तुला वाईट ग्राहक म्हणत नाही, तिच्याकडे तुला ओळखायला काही साधन नाही. दर महिन्याला पैसे येतात तरी हे असं का, हा प्रश्न तुला पडणं अगदी रास्त आहे. ही त्या छाननीतली उणीव आहे, तुझ्यातली नाही.

एक हक्क मात्र तू वापरलेला नाहीस. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांबाबतचे निर्देश बँकांना लागू आहेत. त्यांनुसार अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. ‘अंतर्गत धोरण’ हे नेमकं कारण होत नाही. दोन्ही बँकांना दोन ओळींचा ईमेल लिही: अमुक तारखेचा अर्ज, नाकारण्याचं नेमकं कारण लेखी कळवावं. उत्तरात ‘क्रेडिट इतिहास नाही’ असं आलं तर पुढचा मार्ग सोपा आहे. भलतंच काही आलं, म्हणजे तुझ्या नावावर तू न घेतलेलं कर्ज वगैरे, तर ते आत्ताच कळलेलं बरं. देशात अशा नोंदी ठेवणाऱ्या चार संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढ. आणि तिसरा अर्ज लगेच करू नकोस. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदवली जाते, आणि थोड्या दिवसांत तीन-चार चौकशा दिसल्या की हा माणूस पैशासाठी धावाधाव करतो आहे असा समज होतो. निदान सहा महिने जाऊ देत.

त्या सहा महिन्यांत काय करायचं? ज्या बँकेत फेलोशिप जमा होते त्या शाखेत जा. तिथे तुझ्या खात्यातली जमा दिसते, त्यामुळे तुझ्याबाबतीत काही ठरवण्याची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त. फेलोशिपचं पत्र, संस्थेचा बोनाफाईड दाखला आणि सहा महिन्यांचं खातेपत्रक बरोबर ने. खात्यावर प्री-अप्रूव्ह्ड कार्डाची ऑफर आहे का, एवढं विचार. नसेल तर मुदत ठेवीवरचं कार्ड माग. मी तुझ्या जागी असते तर ऑफरची वाट न पाहता ठेवीवरचंच कार्ड घेतलं असतं.

त्याचं गणित असं. तू २०,००० रुपयांची एफडी करतेस, बँक ती तारण म्हणून अडकवून ठेवते आणि तिच्या ७५ ते १०० टक्क्यांपर्यंत लिमिट देते. ९० टक्के धर, म्हणजे १८,०००. उत्पन्नाचा पुरावा सहसा मागत नाहीत, कारण पैसे त्यांच्याच हातात असतात. ठेवीवरचं व्याज तुला मिळतच राहतं. वापराची नोंद मात्र साध्या कार्डासारखीच क्रेडिट संस्थांकडे जाते, आणि तुला आत्ता हवी आहे ती हीच नोंद. वर्षभर बिल वेळेवर आणि पूर्ण भरलंस, की जे कार्ड आज मिळत नाही त्यासाठी तू कागदावर ओळख असलेली अर्जदार म्हणून जाशील. घेण्याआधी विचारून घे: वार्षिक फी आहे का, कार्ड बंद केल्यावर ठेव किती दिवसांत मोकळी होते, आणि ठेव मध्येच मोडली तर काय.

लिमिट लहान असलं की एक गोष्ट सांभाळावी लागते. लिमिटच्या तीसेक टक्क्यांच्या आत वापर दिसावा असं म्हणतात. १८,०००चे तीस टक्के म्हणजे ५,४००. तुझा महिन्याचा कार्डावर जाणारा खर्च ९,०००च्या आसपास असेल, असं मी धरते. मग बिल निघायच्या दोन दिवस आधीच चार-पाच हजार भरून टाक. बिलात आकडा लहान येतो, आणि क्रेडिट संस्थांकडेही सहसा तो लहान आकडाच जातो. यासाठी खर्च कमी करायची गरज नाही, फक्त आधी भरायचं.

आता तुझं विमान. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण जाहिरातीत हे कुणी मांडत नाही.

साधी रिवॉर्ड कार्डं बहुतेक १०० किंवा १५० रुपयांना एक पॉइंट देतात, आणि अशा कार्डांवर एका पॉइंटची किंमत कित्येकदा २५ पैशांच्या आसपास पडते. महिन्याला ९,००० म्हणजे वर्षाला १,०८,०००. १०० रुपयांना एक या हिशेबाने १,०८० पॉइंट, म्हणजे २७० रुपये. कार्डाची वार्षिक फी ५०० असेल तर १८ टक्के जीएसटीसकट ५९०. तू ३२० रुपयांनी मागेच राहिलीस. ५,००० रुपयांचं तिकीट काढायला २०,००० पॉइंट लागतील, म्हणजे २० लाखांचा खर्च, म्हणजे साडेअठरा वर्षं. वार्षिक फी नसलेलं आणि सरासरी दीड टक्का परत देणारं कार्ड मिळालं, तर वर्षाला १,६२०. तेव्हा तिकीट साधारण तीन वर्षांत निघतं. तुझ्या मैत्रिणीचा पगार, तिचा खर्च आणि तिचं कार्ड यांचं गणित निराळं आहे. वर्षातून एकदा नाही, पण पीएच.डी. संपेपर्यंत एकदा तू पॉइंटवर घरी जाऊ शकतेस, आणि ती काही लहान गोष्ट नाही. फक्त त्यासाठी खर्च वाढवायचा नाही.

म्हणून तुझ्यासाठी पॉइंटांपेक्षा थेट कॅशबॅक बरं. पॉइंटांची मुदत संपते, ते वटवताना काही बँका फी घेतात, आणि त्यांची किंमत बँक बदलू शकते. कॅशबॅक बिलातून वजा होतो, गोष्ट संपली. कार्ड निवडताना कशावर काहीच मिळत नाही ती यादी आधी वाच. पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, घरभाडं, सरकारी भरणा आणि पुष्कळदा शिक्षणाची फीसुद्धा त्यात असते. अर्जाबरोबर एक पानाचं मुख्य माहितीपत्रक देणं बँकेला बंधनकारक आहे, व्याजाचा दर आणि शुल्कं त्यात सापडतील.

रुपे क्रेडिट कार्ड २०२२पासून यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे मेस, झेरॉक्स, औषधं हेही कार्डावर जाऊ शकतं. व्यक्तीला पैसे पाठवता येत नाहीत, दुकानदारालाच देता येतात. सोय चांगली आहे. पण वीस-तीस रुपयांचे खर्च बँकखात्यातून गेले की शिल्लक कमी झालेली दिसते, कार्डावरून गेले की दिसत नाही. पहिले तीन महिने रोज रात्री आकडा पाहा.

संशोधकाला एक खर्च हमखास असतो: परदेशी परिषदेची नोंदणी, एखाद्या सॉफ्टवेअरची वर्गणी. परकीय चलनातल्या व्यवहारावर साध्या कार्डांचं शुल्क ३.५ टक्क्यांच्या आसपास असतं, जीएसटी धरून ४.१३. म्हणजे २०,००० रुपयांच्या नोंदणीवर ८२६ रुपये जास्तीचे. वर काढलेले तुझे वर्षाला २७० रुपयांचे पॉइंट, तेही तीन वर्षांचे, एका नोंदणीत गेले. हे शुल्क कमी असलेली किंवा अजिबात न घेणारी कार्डंही असतात. वर्षातून एक-दोनदा अशी नोंदणी करावी लागत असेल, तर कार्डाबरोबर मिळणाऱ्या विमानतळावरच्या लाउंजपेक्षा तू हे पाहावंस. नवं कार्ड आलं की परदेशी आणि ऑनलाइन वापर आपण स्वतः सुरू करायचा असतो, तो आधी केलेला नसला तर नोंदणीच्या शेवटच्या रात्री व्यवहार अडतो.

आणि इथेच तुझी ती अडचण येते. परिषदेचे पैसे संस्था परत देते, पण कधी देते? दोन महिन्यांनी, चार महिन्यांनी. कार्डाचं बिल निघाल्यापासून साधारण वीस दिवसांत भरायचं असतं. फेलोशिपही उशिरा, परतफेडही उशिरा, बिलाची तारीख मात्र ठरलेली. तुझ्या पत्रातली ती ‘चार महिने’ची ओळ वाचून मी थांबले. बाकी सगळ्यापेक्षा मला काळजी वाटली ती त्याची.

पैसे नाहीत म्हणून तू ‘किमान देय रक्कम’ भरलीस, असं समजू. ९,०००च्या बिलावर पाच टक्के, म्हणजे ४५०. उरले ८,५५०. व्याज महिन्याला ३.६ टक्के धरलं तर ३०८ रुपये, त्यावर जीएसटी ५५. एकूण ३६३. वर्षभराचे पॉइंट २७० रुपयांचे होते, ते एका महिन्यात गेले आणि वर ९३ रुपये पदरचे. हा हिशेबही मी सौम्य धरला आहे. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते, व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून सुरू होतं. चार महिने असं चाललं तर काय होईल ते तू रसायनशास्त्राची आहेस, मांडून पाहू शकतेस. वार्षिक दर ४२-४३ टक्क्यांपर्यंत जातो. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्या मर्यादेच्या भरवशावर राहता येणार नाही.

म्हणून कार्ड हातात येण्याआधी हे कर. मागच्या वर्षी चार महिन्यांचे पैसे एकदम आले होते ना? यापुढे तसे आले की त्यातले दोन बिलांचे, म्हणजे १८,००० रुपये दुसऱ्या बचत खात्यात टाक आणि कार्डाचं ऑटो-डेबिट ‘पूर्ण रक्कम’ निवडून त्याच खात्याला जोड. ‘किमान रक्कम’ नाही. फेलोशिप आली की त्या खात्यात भर घालायची. ज्या महिन्यात ते खातं ९,०००च्या खाली गेलं, त्या महिन्यात कार्ड ड्रॉवरमध्ये. तसं खातं आज उभं करता येत नसेल तर कार्ड सहा महिने पुढे ढकल. कार्ड कुठे पळून जात नाही.

बिलाची तारीख सोयीची नसेल तर निदान एकदा ती बदलून मागण्याचा हक्क तुला आहे. आणि एखाद्या वेळी चुकून दिवस हुकलाच तर घाबरून जाऊ नकोस. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त थकल्याशिवाय बँकेला लेट फी लावता येत नाही की क्रेडिट संस्थांना थकबाकी म्हणून कळवता येत नाही. व्याजाला मात्र ही सवलत नाही. कार्डावरून एटीएममधून रोख काढायची नाही, कोणत्याही कारणाने. त्याला बिनव्याजी दिवस नसतात आणि काढल्याक्षणी वेगळी फी लागते. फेलोशिप अडलेली असताना हा मोह होतो, मी शाखेत पाहिलं आहे. त्या वेळी स्वतःची एफडी मोडणंही त्याहून स्वस्त पडतं.

जेआरएफची दोन वर्षं झाली की एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळेल आणि महिन्याचे ४२,००० होतील. ठेव न मागणाऱ्या कार्डाचा विचार तेव्हा कर. तोवर मला पुन्हा लिही, त्या दोन बँकांनी काय कारण दिलं ते वाचायची मला खरंच उत्सुकता आहे.

प्रश्न: गेट परीक्षेच्या गुणांवर एम.टेक.ला आहे, महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. रूममेट म्हणतो, तिघांच्या खोलीचं भाडं तुझ्या कार्डावरून ॲपने भर, आम्ही तुला पैसे देतो, पॉइंट तुझे. करू का? – एम.टेक. विद्यार्थी

उत्तर: नको. २०२५मध्ये बऱ्याच ॲपनी कार्डावरून भाडं भरण्याची सोय बंद केली. जिथे ती आहे, तिथेही भाड्यावर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत आणि वर एक टक्क्याच्या आसपास फी लावतात. म्हणजे १५,०००च्या भाड्यावर १५० रुपये आणि जीएसटी तुमच्याकडून जातील. पण त्याहून मोठं कारण दुसरं आहे. बिल तुमच्या एकट्याच्या नावाचं असतं. एखाद्या महिन्यात दोघांपैकी एकाचे पैसे आले नाहीत, तर तुमच्या १२,४००मधून त्याचाही वाटा भरावा लागेल, आणि मैत्रीतल्या माणसाकडे पैसे मागणं किती जड जातं हे तुम्हाला माहीत असेल. वहीत तीन रकाने पाडा आणि जो तो आपला वाटा थेट घरमालकाला पाठवू दे.

प्रश्न: मुलगा वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेतो आहे. त्याचा स्कोअर तयार व्हावा म्हणून माझ्या कार्डावर त्याच्यासाठी ॲड-ऑन कार्ड घ्यावं असा विचार आहे. – एक वडील

उत्तर: त्याने स्कोअर सहसा तयार होणार नाही. ॲड-ऑन कार्डाच्या बिलाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची, म्हणजे तुमची. वापराची नोंद तुमच्याच नावावर जाते, आणि त्याने उशीर केला तर स्कोअर तुमचा घसरतो. अडीअडचणीला हाताशी असावं म्हणून द्यायचं असेल तर जरूर द्या, त्यावर वेगळी मर्यादा घालून घ्या. आधी एक तपासा: त्याच्या नावाने शैक्षणिक कर्ज आहे का? असेल तर त्याचा क्रेडिट अहवाल आधीच सुरू झालेला आहे, आणि तुम्ही सहकर्जदार असाल तर तुमच्याही अहवालात ते आहे. दोघांचे अहवाल काढून समोरासमोर ठेवा. नसेल तर त्याच्या स्वतःच्या नावाने ठेवीवरचं कार्ड, वर लिहिलं तसं. एफडीचे पैसे तुम्ही दिलेत तरी चालेल, पण ती त्याच्या नावाने करा आणि बिल त्याच्याच खात्यातून जाऊ द्या.